उंदरानं कुरतडलेलं बटण

“आता काय निघालं?” हरिचंदने विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच कपाळाला हात लावला.

मोहनसिंगच्या दुकानात त्याचा रेडिओ पालथा पडला होता. पाठीचा पुठ्ठा काढलेला, तारा बाहेर लोंबणाऱ्या, आणि मोहनसिंग तोंडात दोन स्क्रू धरून आत डोकावत होता. स्क्रू तोंडातून काढून त्याने बाकावर ठेवले आणि शांतपणे सांगितलं, “स्पीकर.”

“स्पीकरला काय झालं? तो तर चांगला होता की!”

“अच्छा था, जबतक आवाज कम थी. अब हमने कंडेन्सर नया डाला, आवाज जोर से आ रई. पुराने स्पीकर से सहन नई हो रा. देखो, पडदा फट गया.”

“म्हणजे आधी ट्रान्सफॉर्मर. मंग कंडेन्सर. आता स्पीकर. मोहनसिंग, लेका, उद्या काय सांगशील? पेटी?”

“नया पुर्जा आया की पुराने पे जोर पडताच है, भाऊ. घर में नई बहू आयी तो सास का क्या होता?”

हरिचंदला सासू-सुनेची काही गंमत वाटली नाही. तीन आठवडे झाले होते. वसमतच्या गुरांच्या दवाखान्यात तो पट्टीबंधक होता. अठ्ठावीस वर्षं त्याने बैलांच्या खुरांतले काटे काढले, फुटलेली शिंगं बांधली, गाभण म्हशींच्या शेपट्या धरल्या. डॉक्टर येत आणि बदलून जात. हरिचंद खिल्लारे तिथेच राहिला, आणि गावखेड्यातले लोक त्यालाच डाक्टर म्हणू लागले. जनावराकडे नुसतं बघून तो सांगे की हे उठेल की नाही. पण हा पाच वॉल्वचा रेडिओ काही त्याला कळू देत नव्हता की तो उठणार आहे की नाही.

रेडिओ होता जुनाच. लेक पेमा शाळेत जायला लागली त्या साली बदलून गेलेल्या एका डॉक्टरांकडून त्याने तो घेतला होता. लाकडी पेटी, समोर डायलची काच, काचेखाली दोन गोल बटणं, आणि वरच्या कोपऱ्यात स्टेशन नेमकं लागलं की मिटत जाणारा हिरवा डोळा. पुढे तो हिरवा डोळा फिका पडला, मग विझलाच. आवाजात घरघर आली. तरी सोळा-सतरा वर्षं तो बोलत राहिला आणि नेमका बंद पडला तो पेमाचं पत्र आलं त्याच दिवशी.

पेमा आता साखरा गावच्या शाळेत मास्तरीण होती. तिने लिहिलं होतं की परभणीच्या आकाशवाणीने तिला आणि तिच्या शाळेतल्या चार मुलींना जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावलं, ध्वनिमुद्रण झालंसुद्धा, आणि तिसऱ्या गुरुवारी दुपारी साडेबाराला ते लागेल. खाली ओळ होती: ‘आईने शिकवलेली ओवी म्हटली आहे. आईने ऐकलीच पाहिजे. बाबा, एवढं बघा.’

हरिचंदने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा त्याची बायको केशरबाई चुलीपुढे बसली होती. ती एवढंच म्हणाली, “बरं.” मग बराच वेळ परातीतलं पीठ मळतच राहिली. ते कधीचं मळून झालं होतं. जेवण झाल्यावर ती उठून रेडिओजवळ गेली, बटण फिरवलं, आणि रेडिओने एक लांब उसासा टाकून प्राण सोडला.

तर असं होतं सगळं. गुरुवार चार दिवसांवर आला होता आणि रेडिओ मोहनसिंगच्या बाकावर पालथा पडला होता.

“नवा स्पीकर इथं भेटंल का?”

“इधर? इधर हल्दी मिलेगी,” मोहनसिंग म्हणाला. “नांदेड जाना पडेगा. और जा रहे तो एक बात सोच लो. वो हरी आंख भी मर गई है. स्पीकर नया लेना, या आंख नई लेना? दोनो का तुम देख लो.”

* * *

सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. वसमतमध्ये बैलाला काय खाऊ घालावं ते लोक हरिचंदला विचारत, पण रेडिओला काय घालावं ते न विचारता सांगत. डोंगरकड्याचे माणिकराव त्या दिवशी आपला पांढरा बैल घेऊन दवाखान्यात आले होते आणि त्यांच्या खांद्याला चामड्याच्या पट्ट्याने ट्रान्झिस्टर लटकत होता. तो गातही होता.

“हे घ्या, डाक्टर,” ते ट्रान्झिस्टर थोपटत म्हणाले. “दोन सेल टाका, खांद्याला मारा, रानात घेऊन जा. तो तुमचा डबा भंगारात देऊन टाका. जुन्या बैलाला नवे पाय बसवून का तो वखर वढंल?”

हे बोलणं हरिचंदला पटलं होतं, तिथेच तर दुखणं होतं. त्याने घरी दोनदा विषय काढून पाहिला होता. केशरबाई एरवी कशालाच नाही म्हणायची नाही, पण ट्रान्झिस्टरचं नाव काढलं की तिचा आवाज चढे. “न्हाई. मला हाच पायजे. आतलं काय बदलायचं ते बदला, बाहेरचं काही बदलू नका.” काहून, म्हणून विचारलं तर उत्तर नाही. बाईमाणसाचा हट्ट, म्हणून हरिचंदने हात टेकले होते.

“बैलाला काय झालं?” त्याने माणिकरावांना विचारलं.

“काय की. चालता चालता ठेचाळून राहिला. परवा बांधावर धडकला.”

हरिचंद बैलाच्या बाजूला उभा राहिला. पंजा उघडा करून त्याने तो बैलाच्या उजव्या डोळ्यासमोर अगदी हळू आणला. पापणी हलली नाही. डावीकडे गेला. तीही नाही.

“हात हळू न्यायचा असतो,” तो माणिकरावांना म्हणाला. हे तो सगळ्यांनाच सांगे. त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. “झटक्यानं नेला की वारा लागतो. वाऱ्यानं आंधळं जनावरबी पापणी मिटतं, आन् मालकाला वाटतं दिसून राहिलं. तुमच्या बैलाचे दोन्ही डोळे गेलेत, माणिकराव.”

“दवा?”

“डोळा गेल्या जनावराला दवा न्हाई. बाजार दाखवा. जितके दिवस ठेवाल तितकी पेंड वाया.”

रात्री जेवताना त्याने हे घरी सांगितलं. दिवसभरात दवाखान्यात जे जे घडलं ते जेवताना सांगायची त्याची रीतच होती, आणि केशरबाई ऐकत ऐकत वाढायची. त्या रात्री त्याच्या दाताखाली खडा आला.

“अगं, तांदूळ निवडतीस का नुसते चाळतीस? परवा खडा, आज खडा! दात पडून राहिले माझे.”

“ध्यान न्हवतं,” केशरबाई म्हणाली.

ध्यान नव्हतं हे तिचं हल्लीचं पालुपद होतं. घरात जिकडे पाहावं तिकडे तिने चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. मिठाच्या डब्याला चिंधी, रॉकेलच्या बाटलीला सुतळी, मागच्या दाराच्या कडीला लाल काठाचा तुकडा. एकदा हरिचंदने विचारलं तर म्हणाली, “असू द्या, शोभा हाय.” पन्नाशीच्या आत बाई अशी गबाळी होत जाते हे त्याला समजत नव्हतं. आधी अशी नव्हती ती. सुईत दोरा ओवायला पूर्वी सगळ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तिच्याकडे येत.

* * *

मंगळवारी रजा टाकून हरिचंद एस.टी.ने नांदेडला गेला. मोहनसिंगने पाकिटाच्या पाठीवर उर्दूत यादी करून दिली होती. दुकानदाराने ती यादी उलटीसुलटी करून वाचली आणि विचारलं, “सहा इंची की आठ इंची?”

“काय सहा इंची?”

“स्पीकर हो.”

यादीत ते नव्हतं. हरिचंदने हवेत दोन्ही हातांनी पेटीचा आकार दाखवला. दुकानदार म्हणाला, पेटी नको, स्पीकर दाखवा. हरिचंदने हात जवळ आणले. दुकानदाराने दोन स्पीकर समोर ठेवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एक नवा, डब्यातला. दुसरा कुणाच्या तरी सेटमधून काढलेला, पण वजनाला भारी. दुकानदाराच्या मते असं लोहचुंबक आता कुणी घालत नाही. नवा घ्यावा तर आतल्या जुन्या वॉल्वचं त्याच्याशी जमेल का? जुना घ्यावा तर तो उद्या परत फाटेल का? म्हैस घ्यायची असती तर हरिचंदने दात बघितले असते, कास चाचपली असती. इथे काय चाचपणार? त्याने दोन्ही स्पीकरवर टिचकी मारून पाहिली. दुकानदार हसला, आणि हरिचंदच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी त्याने जुना, भारी स्पीकर घेतला आणि वाचलेल्या पैशांत हिरवा डोळा घेतला. खरं म्हणजे डोळ्याची काही गरज नव्हती. मोहनसिंगनेही सांगितलं होतं की आंख नसली तरी आवाज येतो. पण हरिचंदच्या मनात आलं, पेमा रेडिओवर गाणार, त्या दिवशी तरी पेटी पहिल्यासारखी दिसावी. रेडिओ घरात आला तेव्हा केशरबाई तो डोळा बघायची आणि हसायची. “मांजरीवाणी बघून राहिला,” म्हणायची. ते हसू त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. एस.टी.त त्याने ती काचेची नळी रुमालात गुंडाळून सगळा रस्ता मांडीवर धरली.

बुधवारी संध्याकाळी रेडिओ बोलला. घरघर गेली होती. हिरवा डोळा लुकलुकत होता. मोहनसिंगनेही दिल मोठं केलं. पेटीला पॉलिश मारून दिलं आणि समोरची दोन बटणं काढून नवी चकचकीत, पांढऱ्या कडेची बटणं बसवली.

“ये पुराना तो चूहे ने कुतर डाला है,” त्याने उजव्या बाजूचं जुनं बटण दाखवलं. त्याच्या कडेला एक खोल खाच होती. “ये मेरी तरफ से. बिटिया गा रई है ना? बस.”

हरिचंदला भरून आलं. “घरात उंदरं फार झालीत,” तो म्हणाला. “तिला सांगतो मी, पण तिचं ध्यान कुठं हाय.”

घरी आणून त्याने रेडिओ फळीवर मांडला. वर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर होती; तिच्याखाली पेटी अशी काही उजळून दिसली की फळीवरचा बाकी पसारा त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्याने डबे हलवून ओळीने लावले. मिठाच्या डब्याची मळकट चिंधी सोडून चुलीत टाकली. मग केशरबाईला हाक मारली, “पेमाची माय, ये, बघ!”

ती आली. पेटीकडे तोंड करून उभी राहिली. पॉलिशचा वास घेतला.

“कसा दिसतो?”

“लय छान,” केशरबाई म्हणाली.

“आन् डोळा?”

“डोळाबी छान हाय.”

बस्स, इतकंच. माणूस रजा टाकून नांदेडला जातो, मांडीवर काच धरून येतो, आणि बायको म्हणते छान हाय. हरिचंद तणतणत जेवायला बसला. वरण अळणी होतं. भाजीत साखर होती. तो ताटावरून उठला.

* * *

गुरुवारी साडेबाराला हरिचंद दवाखान्यासमोरच्या हॉटेलात बसला होता. घरी जाऊन ऐकायचं त्याच्या मनात होतं, पण एक गाय अडली होती आणि डॉक्टर परभणीला मीटिंगला. हॉटेलवाल्याने रेडिओ मोठा केला. हरिचंदने आल्या-गेल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बाकावर जागा नव्हती.

निवेदिकेने साखऱ्याचं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं. मग पेमाचा आवाज आला, जरा घाबरलेला.

“ही ओवी मला माझ्या आईनं शिकवली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण माझ्या पाटीवरचं पहिलं अक्षर तिनंच माझ्याकडून गिरवून घेतलं. माझ्या आईचं नाव केशरबाई. केशरबाई हरिचंद खिल्लारे, राहणार वसमत.”

क्षणभर हरिचंदला कळलंच नाही की ही केशरबाई कोण. त्याच्या घरात ते नाव कुणी घेत नव्हतं. तो तिला पेमाची माय म्हणे, गल्ली तिला डाक्टरीण म्हणे, आणि माहेरचं आता कुणी उरलं नव्हतं. तीस वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं असेल तर ते रेशनकार्डाच्या वेळी. आणि आता ते परभणीहून निघून साऱ्या मुलखात ऐकू येत होतं. मुली गायला लागल्या:

पाटी-पेन्सिलीचं ओझं गं, माझ्या लेकीच्या काखंला
माय दळीती अंधारी, उजेड मिळू दे लेकीला

हॉटेलवाल्याने त्याच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. हरिचंदने गाईला सोडवलं, हात धुतले न धुतले आणि घराकडे धावतच निघाला.

“पेमाची माय! ऐकलं का?”

केशरबाई जात्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. रेडिओ बंद होता.

“ऐकलं की,” ती म्हणाली. “पोरगी छान गायली.”

“आन् गाण्याच्या आधी काय म्हणाली?”

“म्हणाली की. नाव सांगितलं.”

“कोणाचं?”

“तुमचं. पेमा हरिचंद खिल्लारे.”

हरिचंद दारातच थांबला. “अगं, तुहं नाव घेतलं तिनं! तुहं! सगळ्या मुलखाला सांगितलं, आन् तू म्हणतीस माझं?”

केशरबाईचा चेहरा उतरला. तिने पदर तोंडाशी नेला.

“तू ऐकलंच न्हाईस.” तो रेडिओकडे गेला आणि त्याने डावं बटण फिरवलं. हिरवा डोळा पेटला. आतून तेलुगूत कुणीतरी बातम्या सांगू लागलं. “हैदराबाद! हैदराबाद लावून बसलीस? अगं, काचेवर एवढा मोठा काटा हाय, तो बघून बघून तर रोज लावायचीस! तीन आठवडे मी जिवाचं रान केलं, मोहनसिंगचे पाय धरले, नांदेडला लोकांकडून हसं करून घेतलं. कोणासाठी? आन् तुला काटा बघायचं ध्यान न्हाई?”

“जुनं बटण कुठं हाय?” केशरबाईने हळूच विचारलं.

“कोणतं जुनं?”

“उजवीकडलं. खाचेचं.”

“ते उंदरानं कुरतडलेलं? ते मोहनसिंगनं काढून टाकलं. त्याचं काय आता?”

“उंदरानं न्हाई,” ती म्हणाली. “पेमानं. सुरी तापवून. डावीकडं शेवटापर्यंत पिळायचं, मंग उलटं फिरवायचं. खाच तीनदा अंगठ्याखालून गेली की परभणी. ह्या नव्याला सगळीकडून सारखंच लागतं. मी लय फिरवलं. कुठं गाणं, कुठं बातम्या. परभणी सापडलंच न्हाई.”

हरिचंद तिच्याकडे बघत राहिला. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला, जसा हजार जनावरांसमोर बसला होता. त्याने पंजा उघडला आणि तिच्या डोळ्यांसमोर नेला. हळू न्यायचा असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण हात झटक्यानेच गेला.

“वारा लागून राहिला,” केशरबाई म्हणाली. “बैल हाव का मी?”

हरिचंदचा हात तसाच हवेत राहिला. तोंडातून जे निघालं ते रागाचंच होतं.

“कधीपासून?”

“तीन सालं झाली. आधी सुईत दोरा जाईना. मंग तांदळातला खडा दिसंना. मागल्या साली पेमानं साडी घ्यायचं निमित्त करून नांदेडला दाखवलं. डाक्टर म्हणले, नस सुकली, लवकर आणायला पायजे होतं. उजेड-अंधार कळतो. तुमी दारात आलात की अंधार होतो, तेवढं कळतं.”

“आन् मला काहून न्हाई सांगितलं? घरात मी कोण, पाव्हणा हाय का?”

केशरबाई जात्याच्या खुंट्यावरून हात फिरवत होती.

“रोज जेवताना तुमीच सांगता न्हवं,” ती म्हणाली. “डोळा गेला की बाजार दाखवा.”

* * *

मोहनसिंगच्या दुकानात भंगाराचं एक मोठं डबडं होतं. हरिचंदने ते बाकावर उलटं केलं तेव्हा मोहनसिंग ओरडला, पण त्याचं तोंड बघून गप्प झाला. फुटके वॉल्व, तारांची भेंडोळी, स्प्रिंगा, गंजलेले स्क्रू. बटण त्यात नव्हतं. ते होतं मोहनसिंगच्या बाकाच्या पायाखाली. बाक डुगडुगत होता म्हणून त्याने कालच तिथे सारलं होतं.

“ये चूहेवाला? इसका क्या करते, भाऊ?”

हरिचंदने सांगितलं. थोडक्यात, रस्त्याकडे बघत. मोहनसिंगने बटण हातात घेतलं, खाचेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं.

“चूहे का दांत इतना सीधा नहीं जाता,” तो म्हणाला. “बीस साल से ये काम कर रा मैं. मेरेकू कैसा नहीं दिखा?”

“तुला न्हाई दिसलं तर चालतं,” हरिचंद म्हणाला.

परत येताना दवाखान्याच्या फाटकाशी माणिकराव भेटले. पांढरा बैल दोरीला होता. उद्याच्या बाजाराला न्यायच्या आधी दाखला घ्यायला ते आले होते.

“विकू नका त्याला,” हरिचंद म्हणाला.

“तुमीच तर सांगितलं, डाक्टर!”

“मीच सांगितलं. काय बी सांगतो मी.” त्याचा आवाज चढला, तसे माणिकराव एक पाऊल मागे सरले. “नांगराला नका धरू, पाण्याच्या गाडीला धरा. रोजची वाट, रोजचा जोडीदार. त्याची दावण बदलू नका, गव्हाण हलवू नका. आन् जवळ गेलात की आधी आवाज द्या.”

माणिकराव बघतच राहिले. हरिचंद पुढे गेला होता.

घरी आल्यावर त्याने आधी नवं बटण उपसून काढलं आणि जुनं दाबून बसवलं. पॉलिश केलेल्या पेटीवर ते अगदीच दळभद्री दिसत होतं. मग त्याने आपल्या धोतराच्या काठाची चिंधी फाडली, मिठाचा डबा शोधला आणि त्याला गाठ मारली. चुकून साखरेच्या डब्याला मारली होती; केशरबाईने हात लावून सांगितलं, तशी सोडून परत बांधली.

“लाव,” तो म्हणाला.

केशरबाई फळीजवळ उभी राहिली. उजवं बटण तिने डावीकडे शेवटापर्यंत पिळलं. मग अंगठा ठेवून उलटं फिरवायला लागली. एक. दोन. तीन. परभणी नीट, खणखणीत लागलं. बाजारभाव चालू होते. वसमत, हळद, कांडी. वसमत, हळद, गोळा. ओव्या संपून तीन तास झाले होते आणि त्या काही परत लागणार नव्हत्या. ती तरीही ऐकत उभी राहिली.

“पेमा काय म्हणाली?” तिने विचारलं. “जसं म्हणाली तसं सांगा.”

हरिचंदने घसा खाकरला. “म्हणाली, ही ओवी मला माझ्या आईनं शिकवली. तिला लिव्हता-वाचता येत न्हाई, पण पाटीवरचं पहिलं अक्षर तिनंच गिरवून घेतलं.” इथपर्यंत तो नीट आला. पुढे तीस वर्षांची सवय आडवी आली. “मंग… मंग तुहं नाव घेतलं.”

“तसं न्हाई. जसं घेतलं तसं घ्या.”

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी त्याचे कान तापले.

“माझ्या आईचं नाव केशरबाई,” हरिचंद म्हणाला. शब्द पुटपुटल्यासारखा आला आणि हळदीच्या भावात बुडून गेला.

केशरबाईने हात पुढे केला. डावं बटण चाचपलं, पिळलं. टक् झालं आणि रेडिओ बंद पडला. हिरवा डोळा थोडा वेळ तसाच राहून मग विझला.

“हं,” ती म्हणाली. “आता म्हणा.”